शेजारी नांदायला गेलेला कुकर

आज शिट्टी न देता बोलतोय. मी मालिनीचा पाच लिटरचा कुकर, मुक्काम अंबरनाथ. एक मूठ सैल झालीय, बुडाला पोचा आहे, बाकी तब्येत ठणठणीत.

मालिनीच्या लग्नात तिच्या आईने मला उल्हासनगरच्या बाजारातून घेतलं. सिंधी दुकानदाराने मला उलटा करून टिचकी मारली आणि म्हणाला, "माताजी, नाती-पोते भी इसमें खाएंगे." तसंच झालं. यज्ञेश जन्मला आणि त्याचा पहिला मऊ भात माझ्यातच शिजला.

पण पोरगा चालायला लागला तसा मी त्याचा वैरी झालो. माझी शिट्टी झाली की तो कान दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. तो स्वमग्न आहे, अचानक आलेला आवाज त्याला सुईसारखा टोचतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मालिनीने दारं लावून पाहिली, त्याला गच्चीवर नेऊन पाहिलं. शिट्टी तिथेही पोचायचीच. शेवटी समोरच्या इमारतीतल्या इंदुबाई म्हणाल्या, "माझ्याकडं ठेव गो याला. तुझा डाळ-भात माझ्या गॅसवर होईल. माझं स्वयंपाकघर मागल्या अंगाला, तिथनं पोराला ऐकू यायचं नाही."

असा मी शेजारी नांदायला गेलो. रोज सकाळी मालिनी धुतलेले डाळ-तांदूळ घेऊन यायची आणि शिजेपर्यंत दोघी बोलत बसायच्या. माणसांना वाटतं, स्वयंपाकघरात भांडी ऐकत नाहीत. मला घरातलं सगळं कळत होतं. यज्ञेशचे बाबा जहाजावर, म्हणून घरात ती, यज्ञेश आणि सासरे अण्णा, एवढीच माणसं.

यज्ञेशला मिसरूड फुटली तरी आमची हीच तऱ्हा चालू होती. मग एके दिवशी मालिनी घाईघाईने आली. मुंबईच्या एका इस्पितळात स्वमग्न मुलांसाठी एका औषधाचा अभ्यास सुरू होता. औषध म्हणजे तेलाचे थेंब, नाव कॅनाबिडिऑल, भांगेच्या जातीच्या झाडातून काढलेलं. निम्म्या मुलांना ते मिळणार, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं तेल. कोणाला काय मिळालंय हे डॉक्टरांनाही माहीत नसणार.

अण्णा भडकले होते. नातवाला गांजा पाजणार का, म्हणाले. इस्पितळातल्या चैत्राली डॉक्टरांनी त्यांना समजावलं की नशा आणणारा भाग यात वेगळा काढलेला असतो. यज्ञेशची चिडचिड, बेचैनी कमी होते का, एवढंच बघायचंय. अण्णांनी विचारलं, "गुण येईल याची खात्री आहे?" त्या म्हणाल्या, "खात्री असती तर अभ्यास कशाला केला असता?" अण्णांची सगळी नोकरी इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत माल तपासण्यात गेलेली. हे उत्तर त्यांना एकदम पटलं. यज्ञेशला डॉक्टरांनी चित्रं दाखवून सांगितलं, तेव्हा त्यानेही मान हलवली.

थेंब सुरू झाले आणि मालिनीच्या बोलण्याचा सूर बदलला. यज्ञेश शांत झोपतो. पाहुणे आले तर बाहेर येऊन बसतो. परवा राग आला तर डोकं न आपटता खोलीत निघून गेला. तिने बदलापूरच्या नणंदेला कळवलं, जहाजावर कळवलं. औषध लागू पडलं, असं ज्याला त्याला सांगत सुटली.

आणि एका रविवारी तिने मला उचललं. "नेऊन बघते," ती इंदुबाईंना म्हणाली. अण्णा नको नको म्हणत होते, पण मी चढलो गॅसवर.

यज्ञेश आत आला. उंच, खांदे रुंद झालेला. मी त्याला लहान पाहिलेला. माझ्या शिट्टीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "कधी?"

मालिनी म्हणाली, होईल थोड्या वेळात.

"सांग," तो म्हणाला.

ती माझ्यावर नजर लावून उभी राहिली. मी फुसफुसायला लागलो तशी म्हणाली, "आता." त्याने स्वतःच कानांवर तळवे ठेवले. मला आवरता आलं असतं तर आवरलं असतं, पण वाफ कोणाचं ऐकते? शिट्टी झाली. त्याने तळवे काढले, भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि म्हणाला, "परत."

त्या दिवशी मालिनीने वरणावर दुप्पट तूप वाढलं. मी घरीच राहिलो.

अभ्यास संपला तेव्हा चैत्राली डॉक्टरांचा फोन आला. मालिनी भाजी चिरत होती, म्हणून फोन स्पीकरवर. डॉक्टर हळूच म्हणाल्या, "यज्ञेशच्या बाटलीत साधं तेल होतं."

मालिनीने विळी आडवी केली आणि खाली बसली. सगळ्यांना सांगून बसले, एवढंच पुटपुटली. डॉक्टर म्हणाल्या की असं पुष्कळ घरांत होतं. आशेने माणसं मुलाकडे नव्याने बघायला लागतात. यावरून औषध वाईट असंही ठरत नाही, बाकीच्या मुलांचा हिशोब अजून व्हायचाय.

"मग हा सुधारला कशाने?" मालिनीने विचारलं.

दारात यज्ञेश उभा होता. तो म्हणाला, "मी मोठा झालो."

आधी अण्णा हसले. मग मालिनी, डोळे पुसत पुसत. फोनमधून डॉक्टरही हसल्या. एवढी वर्षं डाळ-तांदूळ घेऊन समोर जाणाऱ्या बाईला ते कळलंच नव्हतं, आणि मलाही कुठे कळलं होतं?

साधं तेल मिळालेल्यांना आता हवं तर खरे थेंब देता येतील, डॉक्टर म्हणाल्या. मालिनी 'हो' म्हणायला गेली आणि थांबली. मान वळवून तिने विचारलं, "यज्ञेश, तुला घ्यायचेत?"

तो म्हणाला, "विचार करतो."

त्याला आता पंधरवडा झाला. अण्णा रोज जेवताना विचारतात, काय ठरलं? तो भात कालवत म्हणतो, "चालू आहे." डॉक्टरांनीही कळवलंय, सावकाश होऊ द्या. तुमच्या घरात असं कोणी विचार करत असेल, तर त्यालाही थोडा वेळ द्या. वाफ धरल्याशिवाय मलासुद्धा शिट्टी देता येत नाही. चला, मालिनी झाकण लावतेय, आणि यज्ञेश तिला विचारतोय, कधी?