बोल्टाखालचा रंग

माझी व्हॅन महिन्याभरात तिसऱ्यांदा बंद पडली आणि पॅकहाऊसच्या आवारातल्या सगळ्या पुरुषांना एकाएकी गाड्यांतलं कळायला लागलं. कुणी म्हणालं पेट्रोल संपलं असेल. कुणी म्हणालं, बाईच्या हातची गाडी अशीच असायची. हे म्हणणाऱ्याला साधी सायकलची चेन बसवता येत नाही, हे मला माहीत होतं.

दुपारचे साडेचार वाजले होते. शिफ्ट सुटून माझ्या सात बाया डबे घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना रोज सकाळी नाशिकहून, आमच्या वसाहतीतून, इथं पिंपळगावला द्राक्षं निवडायला आणते आणि संध्याकाळी परत नेते. अंबडच्या कारखान्यानं कामावरून कमी केल्यापासून माझ्या हातात ही व्हॅन आणि ही फेरी, एवढंच उरलंय.

मॅनेजर सुयश आला. पोरगा वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात निर्यातीचा कंटेनर बसलेला असतो. "छायाताई, दोनदा तुमच्या बाया उशिरा आल्या. उद्या साडेसहाला त्या मला लाइनवर पाहिजेत. अंधार पडायच्या आत गाडी नीट झाली नाही, तर उद्यापासून फेरी दिनेशकडे."

दिनेश आपल्या मोठ्या गाडीला टेकून उभाच होता. महिनाभर त्याचा या फेरीवर डोळा होता. तो लगेच बायांना म्हणाला, "चला, बसा. मी सोडतो घरी."

विठामावशी आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू जा बाबा. आम्ही जिच्यासंग आलो तिच्यासंग जाऊ." आणि सगळ्या जणी रिकाम्या क्रेटांवर बसल्या. मला फार बरं वाटलं, आणि धास्तीही वाटली. आता गाडी सुरू झाली नाही तर त्यांच्यासमोर तोंड कसं दाखवणार होते?

सुयशनं हायवेवरच्या गॅरेजमधून दत्तूला बोलावलं होतं. पहिल्यांदा व्हॅन बंद पडली तेव्हा दत्तूनं नवी बॅटरी घालायला लावली होती. दुसऱ्यांदा म्हणाला, ती बॅटरीच खराब निघाली, दुसरी घाला. आता त्यानं किल्ली फिरवली. आतून नुसता कण्हल्यासारखा आवाज आला. तो म्हणाला, "अल्टरनेटर गेला. बॅटरी चार्ज व्हत नाय, मंग अजून काय? ठेवून जा. परवा खोलतो."

"मापून बघितलंस का?"

"ताई, वीस वर्षं झाली. आवाजावरून कळतं मला."

नाचता येईना, अंगण वाकडं. अंबडच्या कारखान्यात मी अकरा वर्षं गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे मीटर लावून तपासले. आवाजावरून सांगणारा माणूस आमच्या लाइनवर एक दिवस टिकला नसता. तरी आधी दोनदा मी त्याचं ऐकलं, कारण इंजिन म्हणजे आपलं काम नाही असं मलाही वाटत आलं होतं. आज मी डॅशबोर्डच्या खणातून माझा मीटर काढला.

"आधी चालू करून दे," मी म्हणाले.

माझ्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. दत्तूनं सीट उचलली, आपली बॅटरी आणली, दोन जाड वायरी चिमट्यांनी माझ्या बॅटरीला लावल्या. किल्ली फिरवली. पुन्हा तेच कण्हणं. त्याची बॅटरी भरलेली होती आणि तरी तेच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

"काळा चिमटा माझ्या बॅटरीवरून काढ आणि सरळ इंजिनच्या लोखंडाला लाव."

"त्यानं काय होणारे?"

"लाव तर खरं."

त्यानं लावला, हसत हसत. मी किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. दत्तूचं हसू तिथंच राहिलं.

त्याच्या वायरी काढल्या. माझ्या बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला, बारा पॉइंट एक व्होल्ट. दत्तूला जोर आला. "बघा. इंजिन चालू असताना चौदा पाहिजे. म्हन्लं ना, अल्टरनेटर गेला."

मी मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर ठेवलं, दुसरं त्याच्याच अंगावर. चौदा पॉइंट चार.

"हा गेलेला अल्टरनेटर चौदा कुठून देतो, दत्तू?"

मग मी वीज जाण्याची वाट मोजली, अल्टरनेटरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. जवळजवळ काहीच गळत नव्हतं. मग परतीची, इंजिनच्या लोखंडापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. दोन व्होल्टच्या वर गळत होतं. म्हणजे वीज तयार होत होती, निघत होती, पण तिला परत यायला वाट नव्हती. इंजिन रबरावर बसलेलं असतं. त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तिथंच काहीतरी अडलं होतं.

इंजिन बंद केलं, बॅटरीची मायनस वायर सोडली. पॅकहाऊसचे पुठ्ठे अंथरून व्हॅनखाली शिरले. साडी असती तर अवघड झालं असतं, पंजाबी ड्रेस होता. पट्टी धडधाकट दिसत होती. पान्यानं सांगाड्याकडचा बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली. खाली लोखंड नव्हतंच. रंग होता. निळा, जाड, दोन हातांचा गुळगुळीत रंग. रंगातून वीज जात नाही.

तो रंग मी दिला होता.

दसऱ्याला इतरांच्या गाड्यांना झेंडूचे हार पडतात. आमच्याकडे त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मिरवणूक निघते, आणि यंदा बाबासाहेबांचा फोटो माझ्या गाडीत होता. सगळ्यांत पुढं. म्हणून मी आठवडाभर व्हॅन घासली आणि आमच्या निळ्या रंगानं रंगवली, कुणाला न दिसणारा सांगाडासुद्धा. बोल्ट काढून काढून रंगवला, कारण अर्धवट काम मला जमत नाही. आणि रंग वाळल्यावर पट्टी त्याच्यावरच आवळली. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून जेमतेम चाललं असेल. मग थंडी आली, दव पडलं, आटेही गंजले.

अकरा वर्षं वायरिंग तपासणारी बाई. पुठ्ठ्यावर पडल्या पडल्या मला माझाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"काय सापडलं?" बाहेरून सुयशनं विचारलं.

रंगाऱ्यावर ढकलता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण आमच्या लाइनवर एक रीत होती, आपली चूक आपल्यालाच सापडली तर त्या जुडग्यावर लाल चिकटपट्टी आपल्याच हातानं लावायची, आपला नंबर घालून. मी बाहेर आले आणि सांगितलं. "पट्टीखाली रंग आहे. दसऱ्याला मीच दिला होता. चूक माझी."

दिनेश खाली वाकला, मोबाइलच्या उजेडात त्यानं निळं बघितलं आणि हसला. त्या हसण्याचा अर्थ मला लहानपणापासून पाठ आहे. "मंग गाडी तूच बिघडवली म्हन की."

"हो. आणि बिघाड शोधलाही मीच. दोन बॅटऱ्या ज्यानं बदलायला लावल्या त्याला नाही हसलास."

दत्तूनं मान खाली घातली आणि न मागता पॉलिश पेपर पुढं केला. तेवढं त्याचं मी मानलं. पट्टीखालचा रंग घासून लोखंड चमकेपर्यंत काढला, आटे साफ केले, बोल्ट आवळला. बॅटरीची वायर जोडली. दत्तूची बॅटरी लावून, या वेळी काळा चिमटा पुन्हा माझ्या बॅटरीवर ठेवून, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात. वायरी काढून बॅटरीवर मीटर लावला आणि सुयशच्या नाकासमोर धरला. चौदा पॉइंट दोन. ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होतं.

सुयशनं आकडा बघितला, दिनेशकडे बघितलं. मग आवाज मऊ केला. "बरं ताई, फेरी तुमचीच. पण एक करा. तो निळा रंग सगळा काढून टाका. पुन्हा भानगड नको. काढून टाकणार असाल तरच उद्या या."

बाया क्रेटांवरून उठल्या होत्या. या फेरीवर माझी चूल चालते, हे त्यांना माहीत होतं आणि सुयशलाही.

"जिथं वीज अडत होती तिथला काढलाय, साहेब," मी म्हणाले. "बाकीचा कुणाला अडत असेल तर तो गाडीचा बिघाड नाही. तो रंग राहणार. मी उद्या सव्वासहाला बाया घेऊन गेटवर असेन. परत पाठवायचं असेल तर त्यांच्यासमोर कारण सांगून पाठवा."

विठामावशी पुढच्या सीटवर चढल्या, डबा मांडीवर घेतला आणि सुयशला म्हणाल्या, "सव्वासहा म्हन्ली ती. गेट उघडं ठेव."