लॅमिनेट केलेलं उत्तर

आईनं बाबांच्या पुस्तकाची पानं लॅमिनेट करून आणली आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पानं सुटी होऊन राह्यल्ती. म्हनलं फाट्यावरून बराबर प्लास्टिक करून आनावं," ती कौतुकानं म्हणाली. आमचं वाटूरचं घरच तसं. रेशनकार्डापासून माझ्या मार्कशीटपर्यंत सगळं प्लास्टिकात.

पण हे पुस्तक वेगळं होतं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर बाबा एक खेळ खेळायचे. चित्रं नाहीत, नुसती इंग्रजी वाक्यं. आपण हुकूम टाइप करायचा. अर्धं आयुष्य ते शेवटच्या दारापाशी अडकलेले; दाराला डाव्या-उजव्या मुठी आणि साखळ्या, त्यातलं नेमकं काय ओढायचं ते कळेना. म्हणून खेळाच्या उत्तरांचं हे पुस्तक परदेशातून मागवलं. प्रश्नाखाली कोरा चौकोन, त्यावर सोबतचं पेन घासलं की अदृश्य शाईतलं उत्तर उमटतं. कागदावर उमटतं, प्लास्टिकवर नाही!

आणि वेळ कुठे होता? काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसरा चाललेला. खेळाचा शेवट स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, एवढाच त्यांचा हट्ट. फ्लॉपी खराब, त्यामुळे खेळ साठवता येत नव्हता; हरलं की पुन्हा पहिल्यापासून. आत्ता ते त्याच दारापाशी होते आणि खेळातल्या दिव्यात तेल उरलं होतं एका हुकमापुरतं.

"तृप्ती, ब्लेड आन. जल्दी."

मी प्लास्टिक सोलू लागले. आईचा भयंकर राग येत होता, खोटं कशाला सांगू? कागदाचा पापुद्राच प्लास्टिकबरोबर निघून आला. उरलेल्यावर पेन घासलं. 'डावी' एवढाच शब्द उमटला.

"डावी काय? मूठ का साखळी?" मी ओरडले.

आई चौकट धरून उभी होती. "माझ्यामुळं बिघडलं का ओ?"

डावी साखळी ओढायचा हुकूम बाबांनी एकेक अक्षर चाचपत टाइप केला.

स्क्रीनवर इंग्रजीत आलं: दिवा विझला. तुम्ही अंधारात मेलात. खेळ समाप्त.

बाबांनी काचेला नाक टेकवून ते वाचलं. मी बघत होते, त्यांचे ओठ शब्दागणिक हलले. मग ते आईकडे वळले.

"उघडलं की दार, केशर! आत मोठा दरबार हाये. खांबाखांबाला समया लावल्यात."

आईला इंग्रजी येत नव्हतं. ती पदरानं डोळे पुसत पुढे आली. "आन् कोन हाये आत?"

"कुनीच न्हाई. मोकळं हाये सगळं."

"अगं बाई! एवढ्यासाठी इतकी वर्षं घालवली?" आई हसू लागली.

बाबाही हसले. मी त्यांचा हात धरला, तो गार पडला होता.