हाडासकट वजन

शिवणकाम करणाऱ्या तिच्या हातून बोटभर कापडसुद्धा कधी वाया गेलं नव्हतं. मापाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. म्हणून डॉक्टरांनी तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, आतड्यातली गाठ काढण्याआधी रक्तातलं प्रथिन वाढवा, नाहीतर जखम भरणार नाही, असं बजावून आहाराचा कागद दिला, तेव्हा तिने तोही कापडासारखाच बेतला. मटण परवडण्यातलं नव्हतं, मासळीचा भाव रोज वेगळा. कोंबडीचं नुसतं मांस घ्यावं तर दर दीडपट. हाडासकट तंगड्या सगळ्यांत स्वस्त. कागदावर कोंबडीपुढे लिहिलं होतं, शंभर ग्रॅमला सत्तावीस ग्रॅम प्रथिन. म्हणजे रोज अडीचशे ग्रॅम तंगड्या, काम फत्ते. वीस दिवस तिने काट्यावर तोलून अण्णांना खाऊ घातलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

रक्त तपासायच्या आदल्या दुपारी अण्णांचं ताट उचलताना हाडांचा ढीग तिच्या डोळ्यांत भरला. सहज म्हणून तिने तो काट्यावर ठेवला. ऐंशी ग्रॅम. धावत जाऊन तिने कागद काढला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: आकडे शिजवलेल्या, हाडं काढलेल्या मांसाचे. ती तर कच्चं, हाडासकट तोलत होती. वीस दिवस अण्णांच्या पोटात जेमतेम निम्मं गेलं होतं. अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, माझ्या दातांचे कष्ट तरी वाचले.

दुसऱ्या दिवशी आकडा वाढलेला नव्हताच. डॉक्टरांनी विचारलं, नीट खातात ना?

"ती भरपूर वाढते. मीच पानात टाकतो," अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले.

डॉक्टर त्यांनाच रागावू लागले. अण्णा शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकत राहिले. गप्प बसणं फार सोपं होतं.

"ते खोटं सांगताहेत," ती म्हणाली. "मी हाडासकट तोललं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आणखी वीस दिवस नीट खाऊ घाला, मग बघू, असं म्हणाले. गाठ तोवर थांबेल का, असं तिने विचारलं. त्यावर त्यांनी नुसती पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

परतताना खाटकाने सवयीने तंगड्या काट्यावर टाकल्या. तिने त्याला आधी हाडं काढून मग तोलायला सांगितलं. सुरी चालवता चालवता त्याने विचारलं, रोज काढून ठेवू का, मागचे वीस दिवस नेलं तसं पुढेही लागेल ना?

तिला हो म्हणायचीही भीती वाटली.