फडताळातल्या उंच बायका

दर दिवाळीच्या आधी अरुंधतीबाई स्वयंपाकघरातलं फडताळ रिकामं करायच्या, फळ्या पुसून घ्यायच्या आणि जुन्या मासिकांची पानं कापून त्यांवर अंथरायच्या. बासष्ट साली नंदकिशोररावांना पिंपरीत नोकरी लागली, कंपनीच्या कॉलनीत घर मिळालं, तेव्हापासूनचा हा नेम.

पानांवर जाहिरातींतल्या बायका असत. सुरुवातीला त्यांचे अंबाडे घागरीएवढे, डोळ्यांना काजळाच्या लांब शेपट्या. हळूहळू अंबाडे उतरले, केस मोकळे सुटले, घेरदार विजारी आल्या. आधी त्या नुसत्या साबणवाल्या नाहीतर साडीवाल्या होत्या. पुढे त्यांची नावं छापून यायला लागली, मुलाखती यायला लागल्या. अरुंधतीबाई त्यांच्या तोंडावर खुशाल तिखटाचा डबा ठेवत. त्यांची मुलगी पद्मा मात्र डबा उचलून त्यांना बघत बसे.

"आई, ह्या बायका किती उंच असतात गं!"

"असतील. त्यांना बघायला कुठे पाहुणे येतात!"

पद्मा स्वतः शेवग्याच्या शेंगेसारखी वाढली होती. कॉलनीतली पोरं तिला 'दिव्याचा खांब' म्हणत. उंची आईचीच. अरुंधतीबाई नवऱ्यापेक्षा चांगल्या दोन बोटं उंच होत्या. नवी नवरी असताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "सूनबाई, जरा बेतानं उभी राहत जा." तेव्हापासून त्या खांदे पाडून, नवऱ्याच्या पाऊलभर मागे चालत आल्या. अंगवळणीच पडलं ते.

दर संकष्टीला त्या चिंचवडला मोरयाच्या दर्शनाला जात आणि एकच मागत : "देवा, पोरीला तिच्या मापाचं स्थळ दे."

पंच्याहत्तर साली दिघीचं एक स्थळ आलं. मुलगा लष्कराच्या कचेरीत कारकून, नोकरी पक्की, स्वभाव गरीब.

"अगं, पण तो हिच्या कानापर्यंतच येईल," नंदकिशोरराव म्हणाले.

अरुंधतीबाईंनी त्यावरही तोड काढली. पद्माला साडी जमिनीला टेकेल अशी नेसवली आणि हळूच सांगितलं, "आत गुडघे थोडे मुडपून उभी राहा. चालतानाही तशीच चाल. साडीत कुणाला कळतंय?"

"आई, हे फसवणं झालं."

"फसवणं कसलं? मी इतकी वर्षं खांदे पाडून चालले, ते काय फसवणं होतं?"

पद्मानं निऱ्या सावरल्या आणि गुडघे मुडपून पाहिले.

पाहुणे आले. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. मुलाची आत्या म्हणाली, "मुली, जरा चालून दाखव बरं."

पद्मा गुडघे मुडपून सतरंजीवरून निघाली. भिंतीपर्यंत जाऊन वळली. आत्याबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"पुन्हा एकदा."

दुसऱ्या खेपेला काठ पायात आला आणि पद्मा एका बाजूला कलंडता कलंडता राहिली. पाहुणे चहा घेऊन उठले. योग नाही, असा निरोप आला.

पण गोष्ट निरोपावर थांबली नाही. निघोज्याहून भाजी घेऊन येणाऱ्या गवराबाईनं पाटी उतरवली आणि आवाज खाली आणला. "बाई, इचारू का? पद्माताईच्या पायात खोट हाय व्हय?"

"कोण म्हणतं?"

"समद्या कालनीत बोलत्यात. दिघीवाल्यांनी सांगितलं म्हनं, पोरगी लंगडती. म्या म्हनलं, न्हाई बा! माजी पाटी उतरवाया जिना उतरून पळत येती ती."

अरुंधतीबाई मेथीची जुडी हातात घेऊन तशाच बसल्या. उंच मुलीला उशिरा का होईना, कुणीतरी विचारतं. पण असं नाव झालेल्या मुलीला? आणि दारोदार जाऊन सांगायचं तरी काय? माझ्या पोरीचे पाय धड आहेत, मीच ते वाकवायला सांगितले?

"आई," आतून पद्मा म्हणाली, "खांब बरा होता गं."

अरुंधतीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तसा कुठला उपासही नव्हता.

महिनाभरानं कंपनीचा वर्धापनदिन आला. मुंबईची एक गिरणी आपल्या नव्या साड्या दाखवायला येणार होती. त्यांच्या दोन मॉडेल आणि सोबत कॉलनीतल्या मुली, सगळ्यांनी साड्या नेसून स्टेजवरून चालायचं. महिला मंडळाच्या शुभदाताई नावं घेत दारात आल्या.

"पद्माचं मी मुद्दामच घातलं नाही हो. पायाचं कानावर आलं. उगाच तिला..."

"घाला," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"अहो, सगळ्यांसमोर चालायचंय!"

"म्हणूनच घाला."

कार्यक्रम नेमका संकष्टीला होता. नंदकिशोरराव चपला घालता घालता पुटपुटले, "एवढे उपासतापास करतेस, आणि पोरीला स्टेजवर चढवतेस?"

"मोरयानं पाय धड दिले. वाकवले मी. आता सरळ करायला तो येणार आहे का?"

पडद्यामागे त्यांनी पद्माच्या निऱ्या स्वतः काढल्या.

"गुडघे?" पद्मानं विचारलं.

"सरळ."

"खांदे?"

"तेही सरळ. मान वर."

"मी त्या मुंबईच्या बायकांएवढी दिसेन, आई."

"मग दिस की!"

आधी मुंबईच्या दोघी टाचा वाजवत येऊन गेल्या. मागून शिट्ट्या आल्या, फोरमननी डोळे वटारले. मग पद्मा आली. साध्या सपाट चपला, पोपटी साडी. सभागृहात कुजबुज उठली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पावलांवर खिळल्या. ती चालली. भर उन्हात एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन थेंब न सांडता येते ना, तशी. टोकाला जाऊन थांबली, वळली आणि चक्क हसली.

दाराशी उभ्या गवराबाईला राहवलं नाही. "कोन म्हनत व्हतं रं लंगडती?"

सगळं सभागृह हसलं आणि त्या हसण्यातच टाळ्या सुरू झाल्या. अरुंधतीबाईंना समोरचं काही दिसेना. पदर डोळ्यांना लागला होता.

गिरणीचे जाहिरातवाले गृहस्थ नंतर शोधत आले. "हिला चालायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मी शिकवलेलं तिनं सोडून दिलं, एवढंच."

गिरणीच्या कॅलेंडरसाठी पद्माचे फोटो मुंबईत निघाले. नंदकिशोरराव रजा टाकून सोबत गेले आणि आल्यावर आठवडाभर तेच सांगत बसले. पुढच्या वर्षी मासिकांतही ती दिसायला लागली. दिघीहून पुन्हा निरोप आला : मुलीकडच्यांची इच्छा असेल तर बोलू.

"त्यांना म्हणावं," पद्मा बॅग भरता भरता म्हणाली, "आधी मुलाला चालवून दाखवा."

नंदकिशोररावांना चहाचा ठसका लागला.

दिवाळीच्या आधी अरुंधतीबाईंनी फडताळ रिकामं केलं. कात्री घेऊन मासिक उघडलं तर समोर पद्मा, खाली बारीक अक्षरांत नाव. तिखटाचा डबा त्यांनी बाजूला सरकवला. ते पान त्यांनी फळीवर अंथरलं नाही. देवाच्या सामानाच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकवून उभं ठेवलं.

पुढच्या संकष्टीला दोघं नवरा-बायको मोरयाच्या देवळाकडे निघाले. या वेळी स्थळ मागायचं नव्हतं. पोरगी मुंबईहून सुखरूप परत येऊ दे, पुढचं तिचं ती बघेल, एवढंच अरुंधतीबाईंनी मनाशी ठरवलं होतं. नदीकडच्या रस्त्याला नंदकिशोररावांनी दोनदा वळून पाहिलं. मग पाहिलं तर बायको मागे नव्हतीच; शेजारून चालत होती.

"नवी चप्पल घेतलीस का गं?" ते म्हणाले. "टाच उंच दिसतेय."

"छे हो," अरुंधतीबाई म्हणाल्या. "जुनीच आहे."