तिसरं माणूस

चर्चने बायकांना पाळक करायला घेतलं, त्यात आपली पोर प्रितीही, म्हणून पाळक शमुवेल आढाव तरातरा बाहेर पडले आणि घोडपदेवच्या एका हॉलमध्ये जुन्या अँग्लिकन पुस्तकाप्रमाणे उपासना घेऊ लागले. त्या पुस्तकात प्रभुभोजनाला पाळकाखेरीज निदान तीन माणसं लागतात. आज दोन म्हाताऱ्याच आल्या. शेवटी शमुवेलांनी चडफडत प्रितीला फोन लावला.

"ये. पण मागे बस आणि तोंड उघडू नकोस."

स्वतःची उपासना उरकून ती माझगावहून टॅक्सीने आली, मागे बसली, गुडघे टेकून मुकाट भाकर घेतली.

नंतर हजेरीच्या रजिस्टरवर शमुवेल बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, 'रेव्हरंड प्रिती आढाव.'

"बघतेस काय?" ते खेकसले. "हुद्दा लिहायचा नियम आहे."