बोटाला कळेना

“सापडली का गं?” खाटेवरच्या आजीने विचारलं.

“सापडतेय.” सिस्टरने उजवा हात झटकला. पुन्हा झटकला. पुन्हा बोट टेकवलं.

सुकून काडी झालेल्या पेशंटचीही नस ती डोळे मिटून, नुसत्या बोटाने शोधायची. सगळ्यांनी हात टेकले की वॉर्डात हाक तिलाच. आज आजीच्या कातडीवर बोट इकडे फिरलं, तिकडे फिरलं. जणू दुसऱ्याच कुणाचं बोट.

अंदाजाने टोचलं. चुकलं.

आजी कळवळली. 

कित्येक महिने असंच. झोपेत हाताला मुंग्या. चहाचा कप सुटायचा. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. कान दुखला तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. दाढ दुखली, वजन. जाऊबाई तर म्हणायच्या, “तुला शिंक आली तरी वजनाचीच.” निदान हाताचं तरी खापर वजनावर नको. म्हणून गप्प.

परवा शेवटी गेलीच. डॉक्टरांनी मनगटावर टिचकी मारली. झिणझिण्या थेट बोटांत, करंगळी तेवढी सोडून.

“इथे चिंचोळी जागा असते, तिच्यातून बोटांकडे जाणारी संवेदनेची शीर दाबली गेलीय. सतत मनगटाचं काम, आणि…”

“बोला ना. वजन.”

“तेही एक कारण असतं. खरंच असतं. इतके दिवस का थांबलात?”

“इतकी वर्षं लांडगा आला, लांडगा आला, ते तुम्हीच ओरडलात ना?”

डॉक्टर हसले नाहीत. तीही.

आता दुसरी सुई. हातापर्यंत नेली. थांबली. पुन्हा अंदाज? या काडीएवढ्या हातावर?

शेजारच्या खाटेशी दुसरी सिस्टर सलाईन लावत होती. “काय बाई, आज नस लपाछपी खेळतेय वाटतं?”

“तू बघ.”

“मी? तुम्ही असताना?”

“बोटाला कळत नाहीये माझ्या.”

वॉर्डात पहिल्यांदाच ती हे मोठ्याने बोलली. दुसरी हसायला लागली, तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली, आणि येऊन बसली.

सिस्टर खाटेच्या पलीकडे गेली, उजवा हात पुढे केला. “आजी, इकडे बघा. माझा हात धरा. हवा तेवढा दाबा.”

सुई आत गेली. आजीने जीव खाऊन हात आवळला.

करंगळीला तेवढं कळलं.