दोन उजवे हात

मी गिटार आहे आणि जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते. वय लपवून माझ्यासारखीला काही फायदा नाही. चांगले लाकूड जसजसे मुरते तसतसा त्याचा आवाज खुलतो, असे जाणकार म्हणतात. मित्रांनो, तुम्ही सिनेमात पाहता ती झगमगीत, वायर जोडलेली, उड्या मारणाऱ्या माणसाच्या गळ्यातली गिटार वेगळी. ती माझी लांबची बहीण. मी स्पॅनिश घडणीची. मला वीज लागत नाही की पट्टा लागत नाही. माझ्या तीन तारा नायलॉनच्या आणि तीन जाड, वरून बारीक तार गुंडाळलेल्या. वाजवणारा खुर्चीच्या कडेवर ताठ बसतो, डावा पाय छोट्या पाटावर टेकवतो, मला मांडीवर घेतो आणि उजव्या हाताच्या चार बोटांनी वाजवतो. करंगळीला काम नसते. ती बिचारी नुसती सोबतीला असते.

मला घडवणारा कारागीर अबोल होता. माझा पुढचा पाट देवदाराचा, पाठ आणि कुशी शिसवीच्या. तो पाट रंध्याने तासायचा, कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा तासायला घ्यायचा. हवा दमट असली की सरसाच्या भांड्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे मला उभी राहायला आठ महिने लागले. “माणसांशी चार शब्द बोलत नाहीत आणि फळीशी मात्र गप्पा मारतात,” असे त्याची बायको म्हणायची. शेवटी कापसाच्या बोळ्याने, अगदी हलक्या हाताने, तीन आठवडे तो मला लाखेचे पॉलिश देत होता. मग एक तरुण आला. त्याने एकच तार छेडली आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिला. कारागीर म्हणाला, “घेऊन जा.”

त्या तरुणाला पुढे सगळे मास्तर म्हणू लागले. एकतीस वर्षे मी त्यांच्या मांडीवर होते.

त्यांचा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या खोलीत भरायचा. खाली यंत्र सुरू झाले की जमीन थरथरायची. खोलीत दोन खुर्च्या, पाय टेकवायचे दोन पाट, स्वरलिपीचे कागद ठेवायचा एक लोखंडी स्टँड आणि कधीच पूर्ण न बंद होणारी खिडकी. मास्तर फार कडक होते. नवीन विद्यार्थ्याला पहिला महिनाभर ते डावा हात लावूच द्यायचे नाहीत. नुसत्या मोकळ्या तारा छेडायच्या. तारेला आधी बोटाचे मांस लागले पाहिजे, मग नख, आणि दोन्हीमध्ये फट राहता कामा नये. ते स्वतः रोज सकाळी बारीक कागदाने नखे घासायचे. निम्मे विद्यार्थी पंधरा दिवसांत पळून जायचे. जे उरायचे ते मात्र वर्षानुवर्षे यायचे.

वाचनालयाच्या सभागृहात आमचे कार्यक्रम व्हायचे. माझा आवाज लहान. पहिल्या दहा मिनिटांत लोक खोकायचे, खुर्च्या सरकवायचे. मग हळूहळू ती चुळबुळ थांबायची. “हिला ओरडता येत नाही,” मास्तर म्हणायचे, “म्हणून लोकांनाच जरा पुढे सरकून बसावं लागतं.” एकदा एका संथ रचनेच्या शेवटी कोणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. सगळे तसेच बसून राहिले. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

एका सकाळी वर्ग चालू असताना मास्तरांचा उजवा हात माझ्या तारांवरून खाली घसरला. त्यांना वाटले, हाताला मुंग्या आल्या. त्यांनी डाव्या हाताने तो उचलून पुन्हा तारांवर ठेवला. तो पुन्हा घसरला. समोरच्या विद्यार्थ्याने धावत जाऊन छापखान्यातल्या माणसांना बोलावले.

मास्तरांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते.

जीव वाचला. बोलणे काही महिन्यांत बरेचसे परत आले, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण हात जागचा हलेना. वर्ग बंद झाला. मास्तर लेकीकडे राहायला गेले. ही लेक चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवायचे काम करायची. आई गेल्यापासून बापाची आई तीच झाली होती. तिने मला पेटीत घालून बापाच्या खोलीतल्या उघड्या कपाटात उभे केले.

“कुणाला तरी देऊन टाक ती,” मास्तर म्हणाले.

“बघू, बाबा,” ती म्हणाली, आणि दिली मात्र नाही.

थंडीचे दिवस आले. मास्तरांचा हात गारठू नये म्हणून लेकीने खोलीत हीटर आणला आणि कपाटाजवळच ठेवला. दिवसभर ती कोरडी धग पेटीवर येत राहिली. लाकडाला हवेतली थोडी ओल लागते, मित्रांनो. ती मिळाली नाही की ते आक्रसते. मी आतून ओढली जात होते आणि मला सांगता येत नव्हते. एका दुपारी ‘टक्’ असा आवाज झाला. माझा पुढचा पाट तारा अडकवलेल्या घोडीपासून खालच्या कडेपर्यंत उभा चिरला होता.

मास्तर पलंगावर जागे होते. हा आवाज कसला, हे त्यांच्याइतके त्या घरात कोणालाच कळले नसते. लांब वायर लावून पलंगाशी आणलेले हीटरचे बटण त्यांच्या डाव्या हाताच्या अंतरावर होते. ते भिंतीकडे तोंड करून वळले.

पुढे दीड महिना हीटर चालूच राहिला.

त्यानंतर बाई आल्या. हात-पाय अधू झालेल्या लोकांकडून घरी जाऊन व्यायाम करून घेणे, हे त्यांचे काम. आठवड्यातून तीनदा येत. अंगाने बारीक, पण मास्तरांना एका हाताने उठवून बसवीत. त्यांनी रबरी चेंडू आणला, कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. मास्तरांनी डाव्या हाताने चेंडू भिरकावून दिला.

“हा चेंडू दाबून मी कुणाचं भलं करणार आहे?”

“मग काय दाबायचंय तुम्हाला? सांगा, ते आणते,” बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी चेंडू कपाटात गडगडला. तो काढायला बाई वाकल्या आणि त्यांचा हात माझ्या पेटीला लागला. त्यांनी पेटी उघडली, मला एखाद्या सुपासारखे दोन्ही हातांनी धरून पलंगावर आडवे टाकले आणि मास्तरांचा उजवा हात उचलून माझ्या तारांवर ठेवला. तारा भेसूर कण्हल्या.

“अहो, ठेवा ते!” मास्तर ओरडले. “गिटार अशी धरतात का? हात तरी धुतलेत का?”

बाईंनी मुकाट्याने हात धुतले. मग खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मला मांडीवर घेतले. “अशी?”

“छे! ताठ बसा. डावा पाय वर घ्या. खांदा सोडा, खांदा! वजन उचलायचंय का तुम्हाला?”

असा पाऊण तास गेला. जाताना बाई म्हणाल्या, “आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी एवढं बोललात. असं करू या का? अर्धा वेळ मी तुमचा हात हलवते, अर्धा वेळ तुम्ही माझा हलवा.”

मास्तर हो म्हणाले नाहीत. पण पुढच्या वेळी बाई आल्या, तेव्हा ते चिमटा हातात घेऊन बसले होते.

बाईंना गाण्याचा गंधही नव्हता. कान कच्चा, बोटे ताठ. शिवाय एक मोठीच अडचण होती. रोग्यांचे अंग रगडायचे, तर नखे पार कापलेली हवीत, आणि मास्तरांच्या मते नखांशिवाय गिटार म्हणजे मिठाशिवाय जेवण. बिननखाने वाजवणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती. “नखं वाढव,” ते म्हणाले. तोवर ते बाईंना ‘तू’ म्हणू लागले होते.

“आणि सकाळच्या आजोबांच्या पाठीवर ओरखडे काढू? तुम्ही त्यांची समजूत घालणार असाल तर वाढवते.”

मास्तरांचा नाइलाज झाला. बाई बोटांच्या मांसानेच वाजवू लागल्या. माझा आवाज मऊ आणि जरा बसका येऊ लागला. मास्तर पहिले काही दिवस कपाळाला आठ्या घालून ऐकत. मग आठ्या गेल्या. एकदा ते म्हणाले, “हिच्यात असाही आवाज होता म्हणायचा. मी एकतीस वर्षं विचारलंच नाही तिला.”

पाचव्या महिन्यात मास्तरांचा अंगठा हलला. बाईंनी त्यांचा हात सर्वात जाड तारेवर टेकवून ठेवला होता. अंगठा थरथरला, तार अडली, सुटली आणि एक जाड, खरबरीत स्वर निघाला. मास्तर आपल्या अंगठ्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहत राहिले. बाईंनी वहीत तारीख लिहिली आणि त्यानंतर बराच वेळ त्या वहीतून मान वर करीनात.

चीर बाईंना पहिल्याच दिवशी दिसली होती. चौथी तार वाजली की ती खरखरायची. मास्तरांना विचारले, की ते म्हणत, “वय झालं तिचं.” पण अंगठा हलला त्या दिवशी मास्तरांना राहवेना.

“वय नाही गं. ती फुटली ते मी ऐकलं होतं. हीटर बंद करायला माझा डावा हात पुरला असता. मला वाटलं, मी मोडलोय, तर हिने का धड राहावं?”

दारात लेक उभी होती. तिच्या हातात औषधाची वाटी तशीच राहिली.

“बाबा, तुम्ही जागे होतात?” ती म्हणाली. “हीटर उचलताना मी पेटी उघडून पाहिली, तेव्हा चीर दिसली. हीटर मी ठेवला, माझ्यामुळे ती फुटली, म्हणून पुढे इतके महिने मी तुमच्यासमोर ती पेटी उघडली नाही. तुमच्या नजरेला नजर देत नव्हते मी.”

मास्तरांनी डावा हात पुढे केला. ती जवळ आली नाही. वाटी टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून रजा घेतली आणि मला व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे नेले. त्यांनी मला एका खोक्यात ओल्या स्पंजाशेजारी दोन आठवडे नुसते ठेवले. हळूहळू माझे लाकूड फुलले आणि चीर अर्धी मिटली. उरलेल्या फटीत त्यांनी देवदाराची केसाएवढी पातळ पट्टी सरसाने बसवली, आतून तीन छोटी ठिगळे लावली. “वाजेल नीट. पण खूण राहील,” त्या म्हणाल्या.

“राहू दे,” लेक म्हणाली.

घरी आल्यावर तिने मला पेटीतून काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवले. मास्तरांनी चिरेवरून बोट फिरवले. “चुकलं माझं,” ते म्हणाले. ते मला म्हणाले की लेकीला, ते मला कळले नाही. लेकीने त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली. मला वाटते, तिला कळले असावे.

वर्षभराने एका रविवारी त्या खोलीत चार जण ऐकायला बसले. लेक, मास्तरांचे दोन जुने विद्यार्थी आणि खालच्या मजल्यावरच्या आजी. बाईंनी मला मांडीवर घेतले. त्यांच्या उजवीकडे खुर्ची अगदी चिकटवून मास्तर बसले. रचना दोन पानांची, संथ, शिकाऊ लोकांसाठी लिहिलेली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जाड तारेचा एक स्वर येतो. तो मास्तरांच्या अंगठ्याकडे होता.

माझ्यावर एका वेळी दोन उजवे हात होते. एक काम करून खरबरीत झालेला, एक अर्धा झोपलेला. मास्तरांचा अंगठा कधी वेळेवर यायचा, कधी यायचाच नाही. तो आला नाही की बाई थांबत. एकतीस वर्षांत तालाची एवढीशी चूक मास्तरांनी कोणाला माफ केली नव्हती, आणि आता सगळी खोली त्यांच्या अंगठ्यासाठी थांबत होती. शेवटचा स्वर त्यांचा होता. तो आला, आणि पूर्ण विरला, तरी कोणी हलले नाही.

मग मास्तर म्हणाले, “दुसऱ्या पानावर घाई केलीस.”

बाई हसता हसता रडल्या.

त्यानंतर मास्तर दोन वर्षे जगले. त्या हाताने ते सदऱ्याची बटणे लावू लागले, पेला धरू लागले. त्याहून जास्त तो हात परत आला नाही. एका शांत दुपारी ते गेले.

दहाव्या दिवशी नेहमीच्या वेळेला दारावरची घंटा वाजली. बाई उभ्या होत्या. आता कोणाचा व्यायाम घ्यायचा नव्हता, तरी त्यांचे पाय इकडे वळले होते.

“ताई, आत या,” लेक म्हणाली. “मला शिकवाल?”

“अहो, मलाच कुठे धड येतं!”

“जेवढं येतं तेवढं शिकवा. पुढचं आपण दोघी मिळून शोधू.”

आता आठवड्यातून तीनदा मी लेकीच्या मांडीवर असते. तिने उजव्या हाताची नखे वाढवली आहेत. भिंगांवर काम करणारी तिची बोटे फार नेमकी आहेत, पण तिला अजून खालच्या तारांची भीती वाटते. बाई समोर बसून मान डोलावतात आणि मधूनच स्वतःही चुकतात.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना उन्हात ठेवू नका, धगीजवळ ठेवू नका, वाजवून झाल्यावर मऊ फडक्याने पुसा. पण एवढ्यावर आमचे भागत नाही. पेटीत जपून ठेवलेले लाकूडही न वाजता मुके होत जाते, आणि माणसांचेही काही वेगळे होत असेल असे मला वाटत नाही. तुमच्या ओळखीत कोणाकडे बंद पेटीत एखादे वाद्य असेल. त्यांना म्हणा, थोडे वाजवून दाखवा. ते म्हणतील, आता हात चालत नाही. तेव्हा उठून जाऊ नका. हात स्वच्छ धुवा, त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, “मग मला शिकवाल का?”